शेवटच्या पंगतीसाठी घेतलेला कॉम्प्युटर

वडनेरच्या शिवारात आम्ही दुसऱ्याच्या वावरात वांगी लावायचो. वावर मक्त्याचं, विहीर मालकाची, मोटर मालकाची. मालकाचं ओलित आटोपलं की मग आमच्या वाफ्यांना पाणी, आणि तेवढ्यात लाइट गेली तर तेही नाही. बाबा वांगी, टमाटे, मेथी, सांबार पिकवायचे (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते) आणि आई ते टोपल्यांत भरून हिंगणघाटच्या बाजारात पोतं अंथरून विकायची. मी आणि माझी धाकटी बहीण एकाच चपलेवर शाळा शिकलो. तिची शाळा सकाळची, माझी दुपारची. ती धावत यायची, अंगणात चप्पल काढायची आणि मी त्यात पाय घालायची. ती चप्पल कधी गार झाली नाही.

मालकाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा भाजी आमच्याकडूनच गेली. भाव त्यांनीच ठरवला, आम्ही मान हलवली. आई सकाळपासून त्यांच्या अंगणात बायांसोबत वांगी चिरत बसली होती. तिच्या अंगावर पेटीतलं हिरवं लुगडं होतं, कारण नागपूरहून शूटिंगवाला येणार हे साऱ्या गावाला माहीत होतं.

नव्वदच्या आसपासचं शूटिंग म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. एक माणूस खांद्यावर पेटीएवढा कॅमेरा घेऊन चालायचा आणि दुसरा त्याच्या बाजूने हॅलोजनचा दिवा उंच धरून. दिव्याची वायर थेट जनरेटरपर्यंत गेलेली. दिवा जिथे जाईल तिथपर्यंतच लग्न. तो उजेड तोंडावर आला की जेवता जेवता माणसं थांबायची, टोपी सारखी करायची, बाया पदर ओढायच्या आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघत एकाच वेळी घास घ्यायचे.

आमच्याकडे रीत अशी, की मुलीच्या आईने सगळ्यांना वाढल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. ती बसते शेवटच्या पंगतीत, स्वयंपाकाच्या बाया, पाणी वाहणारे आणि बँडवाले यांच्यासोबत. मालकीणबाईंनी मात्र पाहुण्यांसोबतच उरकून घेतलं होतं. मोठ्या घरी रीत जरा वाकते. त्यामुळे शेवटच्या पंगतीत उरलो फक्त आम्ही, कामाची माणसं. दिवा आमच्या ओळीच्या टोकाशी आला आणि थांबला.

बाबा म्हणाले, "भाऊ, इकडं बी घ्या ना थोडं."

"वायर पुरत नाही काका," तो म्हणाला आणि वळला.

मी तेव्हा शाळेतली होते, पण आंधळी नव्हते. जनरेटरजवळ वायरीचं वेटोळं पडलं होतं, बाया डोक्यावर घागरीखाली ठेवतात त्या चुंबळीसारखं, पण चांगलं जाडजूड. पुरून उरली असती. आई हातातला घास हातातच धरून उजेडाकडे बघत राहिली होती. मग तिने तो खाल्ला.

तो माणूस खोटं बोलला. त्याचा मला आजही राग येतो, आणि तो जावा असं मला वाटत नाही. माझ्या साऱ्या धंद्याचं भांडवल तो राग आहे.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात, आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते, ज्याला खटकतं त्याला खटको. मास्तरीण व्हायची फार इच्छा होती. एका संस्थेत मुलाखत चांगली झाली, आणि बाहेर आल्यावर तिथल्या कारकुनाने "बाकीचं तुमच्या वडिलांशी बोलतो" म्हटलं. बाकीचं म्हणजे काय ते बाबांना समजलं. ते त्याला म्हणाले, "साहेब, वांगे पाठवू का दोन पोते?" आम्ही चहा न पिता परत आलो.

मग हिंगणघाटात सुधाकरभाऊंच्या फोटो स्टुडिओत काउंटरवर लागले. सुधाकरभाऊ म्हणजे भला माणूस, पण गिऱ्हाइकापुढे जीभ टाळूला चिकटायची. एका हळदीला नवरीकडच्या बायांनी पुरुष शूटिंगवाल्याला आत यायला नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी कॅमेरा माझ्या हाती दिला. त्या दिवसापासून मी "शूटिंगवाली बाई" झाले. बाया खूश. पोट्टे वरातीत आवाज द्यायचे, "मॅडम, आमचा बी एक क्लोजप!" मी म्हणायची, "दात घासून या, मग घेते." ते हसायचे आणि वाट द्यायचे. हे मला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं.

पण शूटिंग म्हणजे अर्धंच काम. कॅमेऱ्यात जे भरतं ते कच्चं. त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, कशाला कशाच्या पुढे लावायचं, आवाज कुठला, गाणं कुठलं, हे ठरवणं म्हणजे एडिटिंग. तेव्हा आम्ही मिक्सिंग म्हणायचो. ते हिंगणघाटात होत नसे. कच्च्या कॅसेटी एसटीने नागपूरच्या लॅबला जायच्या आणि तिथून तयार होऊन यायच्या. लॅबवाल्याने ना ती नवरी पाहिलेली, ना ते गाव. तो गुलाबाच्या फुलात नवरीचं तोंड बसवायचा, नवरदेवाला बर्फाच्या डोंगरावर उभा करायचा, मंगलाष्टकाच्या आवाजावर सिनेमाचं गाणं चढवायचा. आणि माणसं कापायचा. सर्रास कापायचा. कुणाचा मामा गेला, कुणाची आत्या गेली. शिव्या आम्ही खायच्या.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. बाजारात आईच्या शेजारी कौसल्या मावशी बसायची. तिचा नवरा लवकर गेला होता. भाजी विकून तिने पोरीला, संगीताला, वाढवलं आणि आष्टीकडे दिलं. त्या लग्नाचं शूटिंग मी केलं, तोवर आमच्याकडे बॅटरीवर चालणारा छोटा डिजिटल कॅमेरा आला होता. मावशी दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखी. पंगतीमागून पंगत वाढत होती. संगीताच्या सासूच्या पानात बुंदी वाढताना सासूने पानावर हात आडवा धरला, तर मावशीने तो हात बाजूला करून वाढलं. सारी बायांची ओळ हसली. शेवटच्या पंगतीत मावशी बसली तेव्हा मी तिच्या समोर मांडी घालून शूटिंग केलं. तिला म्हटलं, "मावशी, कॅमेऱ्याकडं पाहू नको, जेव." ती म्हणाली, "जेवाले येते मले. तू पाह्य बाई तुह्यं."

नागपूरहून सीडी आली. मावशीकडे टीव्ही नव्हता, शेजारणीच्या घरी सगळे जमले. मीही गेले. गुलाब आला, डोंगर आला, नवरदेव आला, बँड आला. पंगत आलीच नाही. पाठवणी आली, त्यात संगीता जिच्या गळ्यात पडून रडते ती बाई पाठमोरी. सीडी संपली. मावशी पदराला हात पुसत उभी होती.

"बाई," ती मला म्हणाली, "मी कुठं हाओ वं यात?"

मी प्लेअरमधून सीडी काढून घेतली.

"माह्या पोरीच्या लग्नात मीच नाई. मी का मेलती का?"

पण गोष्ट तिथे संपली असती तर बरं होतं. एक सीडी आष्टीलाही गेली होती. तिथे सासरच्या गोतावळ्यात ती लावली गेली आणि कुणीतरी म्हणालं, नवरीची माय कुठं दिसत नाही, पाहुण्यांना साधं पुसायलाही बाहेर आली नाही का? सासूच्या मनात ते बसलं. लग्नाच्या धांदलीतलं कुणाच्या लक्षात राहतं? जे सीडीत दिसतं तेच लग्न. संगीताला उठता-बसता ऐकावं लागू लागलं, "तुह्या मायनं आमाले पाणी तरी पुसलं का?" संगीताने मला स्टुडिओत फोन केला. रडली नाही. म्हणाली, "ताई, दिवाळीला सासूबाई येनार हायेत मले घेऊन. त्याच्या आत काही होईल का? ते बुंदीचं तुमी घेतलं होतं ना?"

घेतलं होतं. शंभर टक्के घेतलं होतं.

मी नागपूरला लॅबमध्ये गेले. लॅबवाला खुर्चीतून उठलाही नाही.

"मॅडम, पंगत कोण पाहते हो? लोक खातात, त्यात काय पाहाचं?"

"शेवटची पंगत पूर्ण कापली तुम्ही."

"ते तर कामवाल्यांची होती."

"त्यात मुलीची आई होती."

"तर लिहून द्याचं ना मग, आई म्हणून. आम्हाले काय स्वप्न पडते?" आणि शेजारच्या माणसाकडे बघून हसला. "नवीन करून देऊ. पण पुन्हा पूर्ण चार्ज लागेल. आणि दिवाळीच्या आत नाही होत, सीझनचं काम तुंबलंय."

मी लुगड्यातल्या, घामाने डबडबलेल्या मावशीचा विचार केला. या माणसाला आई ओळखू यायला तिच्या अंगावर पाटी हवी होती. मी कच्च्या कॅसेटी परत मागून हिंगणघाटला आणल्या. स्टुडिओची पद्धत अशी होती, की काम झालं की त्याच कॅसेटींवर पुढच्या लग्नाचं शूटिंग करायचं, म्हणजे जुनं पुसलं जायचं. मी सुधाकरभाऊंना सांगितलं, "या कॅसेटींवर काही घ्यायचं नाही. माझ्या पगारातून कापा." भाऊ म्हणाले, "तू काऊन एवढी तापून राह्यली?" मी म्हटलं, "एडिटिंग मी करणार. माझ्या घरी." मग त्यांनी कॅसेटी माझ्यासमोर सरकवल्या.

आता ज्यांना हे काम नव्याने सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी लिहिते, कारण मला हे सांगणारं कुणी भेटलं नाही. भेटले ते सारे विकणारे.

आधी कॅमेरा. कॅसेट वाचायलाही कॅमेरा लागतो, त्यामुळे स्टुडिओचा उधार मागत बसण्यापेक्षा स्वतःचा हवा होता. नागपूरच्या शोरूममध्ये पोरगा मला झूम दाखवू लागला. "मॅडम, आठशे एक्स! चंद्रावरचे खड्डे दिसतात." मी म्हटलं, "मला हिंगणघाटातली बाई दिसायला हवी, मांडवातल्या उजेडात." झूमचा तो मोठा आकडा नुसती चित्र ताणण्याची करामत असते. चित्र फाटल्यासारखं होतं. खरा झूम भिंगाचा, आणि तो छोट्या अक्षरांत कुठेतरी कोपऱ्यात लिहिलेला असतो. कॅमेरा घेताना पाहायचं ते हे, की कमी उजेडात चित्रावर मुंग्या येतात का, बाहेरचा माइक लावायला भोक आहे का, बॅटरी जवळपास मिळते का. माइकचं मी विचारलं तर त्या पोराने मालकाला विचारलं आणि मालकाने मला, "तुम्हाला कशाला हवा?" लग्नात भटजी बोलतात, आया रडतात, मामा भांडतात, म्हणून हवा! नवीन कॅमेरा परवडणारा नव्हताच. वर्ध्याच्या एका फोटोग्राफरचा जुना घेतला, तो मोठा कॅमेरा घेणार होता. जुना घेताना एक गोष्ट करा. त्याच्यावर थोडं शूटिंग करा आणि ती कॅसेट दुसऱ्याच कॅमेऱ्यात लावून बघा. आतला भाग झिजलेला असेल तर स्वतःत नीट दिसतं, दुसऱ्यात चौकोन-चौकोन होऊन फुटतं. त्या फोटोग्राफरला राग आला, "विश्वास नाही का?" मी म्हटलं, "आहे ना, म्हणूनच तुमच्यासमोर लावते." चित्र स्वच्छ आलं. तोही मग खूश झाला.

कॉम्प्युटरसाठी बाबा सोबत नागपूरला आले. पैसे माझ्या काही हंगामांच्या बचतीचे आणि बाबांच्या टमाट्यांचे होते. किती ते सांगत नाही, हसाल. दुसऱ्यांदा जमणार नव्हते एवढं कळलं तरी पुरे. दुकानदाराने मला ओलांडून धोतरातल्या बाबांना नमस्कार केला.

"बोला काका, काय सेवा करू?"

"मले कायले पुसता? शिकली ते हाये."

"मॅडम, गेमसाठी की टायपिंगसाठी?"

"व्हिडिओ एडिटिंगसाठी."

"अरे वा! घरी कोण करतं?"

"मी."

तो पुन्हा बाबांकडे वळला. "काका, मुलीच्या लग्नात द्यायचा आहे का?"

"हौ," बाबा म्हणाले. "तिचं लगन या डब्ब्यासंगच लावाचं हाये. तुमी मंगलाष्टक म्हना."

दुकानातली माणसं हसली, पण दुकानदार काही सुधारला नाही. मी सांगितलं, की व्हिडिओ फार जागा खातो, दोन हार्ड डिस्क द्या. तो म्हणाला, "मॅडम, ही एकच भरता भरता तुमचं लग्न होऊन जाईल." मी म्हटलं, रॅम जास्त द्या. त्याने काचेचं, निळे दिवे लागणारं कॅबिनेट दाखवलं. मी म्हटलं, आमच्याकडे लोडशेडिंग आहे, लाइट गेल्यावर काही वेळ बंद पडणार नाही असं यूपीएस द्या. त्याने जमिनीवर ठेवायचा भोंग्याचा मोठा स्पीकर दाखवला. "कॅप्चर कार्ड आहे ना?" मी विचारलं, कारण त्याच्याशिवाय कॅमेऱ्यातलं कॉम्प्युटरात उतरत नाही. "एकदम भारी लावून देतो." भरवसा ठेवला, कारण आमच्या पैशांत बसेल ते तोच जोडून देत होता आणि पेटी उघडून बघितली तर गॅरंटी जाईल म्हणाला. गॅरंटी! पुढे त्या शब्दाचा मला काय उपयोग झाला ते सांगते.

यूपीएस आणि दुसऱ्या डिस्कऐवजी त्याने काचेचं कॅबिनेट आणि भोंगे गळ्यात मारले आणि आम्ही कॉम्प्युटर घरी आणला. मातीच्या भिंतीशी ती निळी दिवाळी लागली, आख्खं वडनेर बघून गेलं. मी संगीताच्या लग्नाची कॅसेट लावली. सुरुवातीला सारं जागच्या जागी. जसजसं लग्न पुढे गेलं तसतसा आवाज आणि चित्र वेगळे होत गेले. मंगलाष्टकापर्यंत पोहोचलो तर भटजींनी "सावधान" म्हणायच्या आधीच अक्षता पडून गेलेल्या. बँड वाजतोय आणि नवरदेव पाणी पितोय. संगीता बोलते आणि आवाज तिच्या सासऱ्याचा. आई हसून हसून म्हणाली, "लगनाले भूत लागलं वं." मला रडू येत होतं. तेवढ्यात लाइट गेली आणि केलेलं सगळं पुसलं गेलं. परत लावलं, तर हार्ड डिस्क भरली. फक्त तीन कॅसेटींत!

मग मी पेटी उघडली. गॅरंटी गेली तर गेली. आत एडिटिंगचं कार्ड नव्हतंच. टीव्ही बघायचं कार्ड होतं. चित्र त्याच्यातून यायचं, आवाज दुसऱ्याच भोकातून, आणि दोघे आपापल्या चालीने चालायचे. तासाभराच्या कॅसेटीत त्यांची भेट कशी व्हायची? डिजिटल कॅमेऱ्याला बाजूला एक लहानसं भोक असतं. त्यातून एकाच वायरीने चित्र आणि आवाज जसेच्या तसे, हातात हात घालून येतात. त्यासाठी कॉम्प्युटरला त्याच जातीचं कार्ड आणि ती वायर लागते. एवढीच गोष्ट. आणि ज्याचा धंदा हा, त्याला ती ठाऊक नव्हती असं मी मानत नाही. त्याला ठाऊक होतं, की ही दोन माणसं खेड्यातून आली आहेत, यांना निळे दिवे दाखवले की झालं. त्या नागपूरच्या शूटिंगवाल्यालाही असंच ठाऊक होतं.

मी आणि बाबा ती पेटी आणि भोंगे चादरीत बांधून एसटीने परत नागपूरला. दुकानात पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आणि वर तो म्हणाला, "पेटी उघडली का? मग तर गॅरंटीही गेली. तुम्हाला चालवता येत नसेल मॅडम. क्लास लावा."

मी बी.एस्सी.ला काय शिकले त्याचा पाढा त्याच्यापुढे वाचायची मला गरज वाटली नाही. मी कॅमेरा काढला, कॉम्प्युटर त्याच्याच टेबलावर लावला, आणि त्यानेच विकलेले भोंगे जोडून संगीताचं मंगलाष्टक मोठ्या आवाजात सुरू केलं. शनिवार होता, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मी पुढच्या भागावर नेलं. अक्षता पडल्या. सगळे बघत राहिले. मग बऱ्याच वेळाने आवाज आला, "सावधान!" एक गिऱ्हाईक म्हणालं, "अरे, ये तो शादी के बाद सावधान बोल रहा है!" सारं दुकान फुटलं. एक माणूस नवीन कॉम्प्युटर घेत होता, त्याने आपल्या पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "भैया, मेरे में भी यही कार्ड डाला क्या?"

"बंद करा ते, बंद करा," दुकानदार म्हणाला.

"नाई," बाबा म्हणाले. "लगन पुरं होऊ द्या."

भोंगे परत गेले, काचेचं कॅबिनेट परत गेलं. त्या पैशांत खरं कार्ड, दुसरी हार्ड डिस्क, जास्तीची रॅम आणि यूपीएस आलं. पत्र्याची साधी पेटी, दिसायला भंगार. मी एकेक वस्तू तिथेच तपासली. शेवटी विचारलं, "वायर?"

"वायर वेगळी असते मॅडम. आता नाही शिल्लक."

बाबांनी मला काही न विचारता एक स्टूल ओढलं आणि त्याच्या दाराशी, गिऱ्हाईक आत येतात त्या वाटेवर बसले. चुना-तंबाखू काढली.

"काका, हे काय?"

"मागं एकाची वायर पुरली नव्हती," बाबा तंबाखू मळत म्हणाले. "आज पुरवूनच जातो."

मला वाटलं होतं ते वाक्य फक्त माझ्याच डोक्यात राहिलं आहे. दुकानदाराने शेजारच्या गल्लीत माणूस पाठवला. वायर आली. हातभर लांब.

मग घरी एडिटिंग. मी एक पद्धत पाडली, ती अजून पाळते. ज्या घरचं लग्न, त्या घरची एक बाई शेजारी बसवायची. कौसल्या मावशी बाजार आटोपून यायची आणि माझ्या बाजूला खाटेवर बसायची. "हा जवायाचा मोठा काका, याले राहू दे. हे फुई, रागीट हाये, हिले दोनदा दाखव. हा? हा कोन हाये? कोनी का असेना, जेवून राह्यला ना, राहू दे." (फुई म्हणजे आत्या.) एवढं शास्त्र नागपूरच्या लॅबमध्ये नव्हतं. स्वतःचं जेवण आलं तेव्हा मात्र ती म्हणाली, "हे काढून टाक वं. कशी खाऊन राह्यली भुकेली कुत्री जशी." मी म्हटलं, "मावशी, हे निघणार नाही. भांडायचं असेल तर भांड." ती भांडली नाही. पडद्याकडे बघत बसली.

दिवाळीला जावई, संगीता आणि सासूबाई आल्या. सासूबाई खुर्चीवर ताठ बसल्या, फराळाला हात लावला नाही. मी टीव्ही आणि सीडीचा प्लेअर नेला होता. मुद्दाम नव्हे, म्हणजे मुद्दामच. लग्न सुरू झालं. भटजींचं सावधान आणि अक्षता एकाच वेळी. बर्फ नाही, गुलाब नाही. पंगत आली. बायांची ओळ आली. सासूबाईंनी स्वतःला ओळखलं आणि पुढे वाकल्या. पडद्यावर त्यांनी पानावर हात आडवा धरला, मावशीने तो बाजूला केला, बुंदी पडली, बाया हसल्या. त्यात सासूबाईही हसत होत्या, तोंडभर.

"हे त मीच हाओ," सासूबाई म्हणाल्या. "मले आठवतच नव्हतं वं. नको नको म्हनत होती मी."

"आता बी नको म्हनूनच बसल्या," मावशी म्हणाली, आणि ताटलीतला अनारसा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी खाल्ला. संगीता चहा करायच्या निमित्ताने आत गेली. मग शेवटची पंगत आली आणि मावशी समोरासमोर, पूर्ण, जेवताना दिसली. सासूबाई आपल्या मुलाला म्हणाल्या, "पाह्य, सगळ्याइच्या मागून जेवली बाई." त्यानंतर संगीताला तो टोमणा ऐकावा लागला नाही. मी दरवर्षी विचारायची.

राग मात्र उरला आहे. मी काम सुरू करण्याआधी नागपूरला पाठवलेली कितीतरी लग्नं होती. त्यांच्या कॅसेटी पुसल्या गेल्या, त्या साऱ्या आया शेवटच्या पंगतीसकट गेल्या. त्यांचं काही करता येत नाही. मालकाच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट मी एकदा मागून आणून बघितली. वांगी चिरणाऱ्या बायांचे हात दिसतात, तोंडं नाहीत. त्यातले आईचे हात कुठले हे मी अजून ठरवू शकले नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "सारखेच असतात वं."

आता कॅसेटी गेल्या, मेमरी कार्डं आली, मोबाइलवर एडिटिंग होतं, आणि विकणारे अजूनही निळे दिवेच दाखवतात. हिंगणघाटात माझं स्वतःचं शूटिंग आणि एडिटिंगचं दुकान आहे, वर बी.एस्सी.सकट माझं नाव आहे. तिथून गेलेल्या एकाही लग्नात शेवटची पंगत कापलेली नाही.